साहेबांच्या पाहणीचा मंडप

चौदा वर्षं झाली, चाळीसगावजवळच्या आमच्या गावात मी मुलींना कबड्डी शिकवतोय. दिवसा एसटीत कंडक्टर, संध्याकाळी मैदानात फुकटचा प्रशिक्षक. बायकोनं आता बोलणंही सोडलंय.

पोरी खेळतात मुरमावर. पितांबर मजुराची सपना आमची सगळ्यात भारी चढाईपटू, पण गुडघे कायम सोललेले. राज्याची निवड चाचणी मॅटवर होते, आणि मॅटची सवय नसली की पाय सटकतो. दोनदा तिची निवड हुकली. यंदा शेवटची संधी, पुढे वयात बसणार नाही. म्हणून मॅटच्या सरकारी अनुदानासाठी मी तीन वर्षं जळगावच्या क्रीडा कार्यालयात खेटे घातले. एकदाचं पत्र आलं, साहेब सराव पाहायला येणार.

मी म्हटलं, पोरींना खेळू द्या, बस. पण आमच्या मंडळाचे अध्यक्ष तोतारामआबा ऐकतील तर शपथ! "सरकारी मानूस उन्हात उभा ऱ्हाईन का? बठ्ठं मी दखस, तू गप ऱ्हाय."

सगळं आपणच बघू म्हणाले, आणि मी गप राहिलो. थकलो होतो हो!

आबांनी मैदानाच्या मधोमध मंडप ठोकला. खाली सतरंजी, वर सोफा, शाल, नारळ, पेढे. पोरींना साड्या नेसवून हातात ओवाळणीची ताटं दिली. स्वागतगीत झालं, मग भाषणं. आबांचं एकट्याचं अर्धा तास.

साहेब बिचारा भला माणूस. हळूच मला म्हणाला, "सराव कुठे चालतो? फोटोत खेळ दिसायला हवा." मी सतरंजीकडे बोट दाखवलं. तेवढ्यात आबांनी त्याच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. साहेबाला पुढच्या गावी जायचं होतं. त्यानं मंडपाचाच फोटो काढला आणि गेला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पाहणीवेळी मैदान व सराव आढळून आला नाही, सबब प्रस्ताव नामंजूर. आबांवर ओरडायचं होतं, पण अंगात तेवढं त्राणच नव्हतं.

संध्याकाळी सपनाला पत्र वाचून दाखवलं. वाटलं, रडेल. ती खाली बघत बुटाची नाडी बांधत राहिली.

"त्या दिवशी साडीच्या आत आम्ही सगळ्या खेळायचे कपडे घालूनच आलो होतो, सर," ती म्हणाली. "तुम्ही शिट्टी मारायची वाट बघत होतो."