चौदा घरचं दूध

गाव त्यांना पैलवान म्हणायचं, म्हणून मीबी पैलवानच म्हणते. नवऱ्याचं नाव मी कदी घेतलं न्हाई.

अडतीस सालची गोष्ट. आमच्या आंदर मावळातल्या गावाची तवा रीत व्हती. गावानं एक गडी कुस्तीला निवडायचा आन् ज्याच्या घरी म्हस दुभती, त्यानं रोज सकाळी तांब्याभर दूध त्याच्या दारात पोचवायचं. माझ्या दारात चौदा घरचं यायचं. मी ते आटवायची, वर तूप सोडायची, खारीक कुटून टाकायची. पैलवान रोज हजार जोर मारायचे, दोन हजार बैठका काढायचे. सगळं जिरायचं.

मग जत्रंच्या कुस्तीत गुडघा मोडला. तालीम सुटली, दूध मातुर सुटलं न्हाई. पैलवान ओट्यावर बसून असायचे आन् चौदा तांबे यायचे. सात वरसं! ज्या अंगाला काम न्हाई, त्याला एवढं कशाला, असं कुणाच्या मनातबी आलं न्हाई. उलट पोट सुटाय लागलं तसं गाव खूश. "पैलवान कसा भरलाय बघा!" असं माझी सासू अंबूबाई आल्यागेल्याला सांगायची. मीबी मिरवायची, खोटं कशाला बोलू.

पुढं पुढं न्हाणीपतूर जायला धाप लागाय लागली. दुपारी बसल्या जागी घोरायचे. तहान अशी की कळशीच तोंडाला लावायचे. लघवीच्या जागी मुंगळ्यांची रांग लागायची. सासू म्हणाली, अशक्तपणा हाय, दुधात गूळ वाढव. वाढवला की मी, अक्कल गहाण टाकून!

एक दिस वहाण लागून पायाच्या बोटाला फोड आला. महिना झाला तरी जखम सुकंना. तालमीचे वस्ताद दत्तोबा रोज हळद भरायचे. शेवटी मी हट्टानं गाडी जुंपायला लावली, कामशेतला रेल्वे गाठली आन् पैलवानांना लोणावळ्याच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं लघवी तपासली. म्हणाला, "बाई, लघवीतून साखर जातेय. एवढी चरबी चढलीय की हृदयालाही भार सोसत नाही. दूध, तूप, गूळ बंद. भात अगदी थोडा. ऐकलं नाही तर आधी पाय जाईल, मग माणूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारातच उभी राहिले. म्हणलं, "आजपास्नं दूध घेणार न्हाई." आगं बाई, काय गहजब झाला! दत्तोबा लालबुंद झाले. "गावाचा पैलवान उपाशी मारतीस? हे दूध आजवर कुणी परतवलं न्हाई!" सासू म्हणाली, "आजारी माणसाचं ताट वढती, कैदाशीण हाय."

"कैदाशीण तर कैदाशीण!" मी म्हणलं. "पाय तुमचा जात न्हाई!"

मग नाचणीची भाकरी, पालेभाजी आन् पातळ ताक. पैलवान लहान पोरावाणी रुसायचे, पर खायचे. पंधरा दिवसांत जखमेच्या कडा सुकाय लागल्या. मी हरखून गेले. त्यावर पैलवान म्हणले, "जरा तालमीत बसून येतो." म्हणलं, जावा, पोरांना डाव सांगा, जीव रमंल. गाडीतनं रोज जाय लागले.

वीस दिवसांनी बोट काळं पडलं, वास सुटला. माझ्या मनात पाल चुकचुकली. तशीच तालमीत धावले. दत्तोबांच्या हातात तांब्या, आन् पैलवान गूळ घातल्यालं दूध पितायत. चौदाच्या चौदा घरं आता तितं दूध पोचवत व्हती.

"का प्यालात?" मी किंचाळलेच. "जीव नकोसा झालाय का तुमाला?"

पैलवानांनी मान खाली घातली. "न्हाई म्हणलो असतो तर उद्यापास्नं माझ्याकडं कोण आलं असतं? मोडक्या गुडघ्याच्या माणसाला गाव कशापायी विचारंल?"

एवढा धिप्पाड माणूस, आन् आवाज पार खोल गेल्याला. मला राग आला, रडूबी आलं.

लोणावळ्याला नेताना दत्तोबा संगं आले. दूध चालूच व्हतं, एवढंच मी सांगितलं. डॉक्टरनं फडकं सोडलं आन् नाकाला रुमाल लावला. "गुडघ्याखाली कापावा लागेल. आजच पुण्याला हलवा. दूध कुणी पाजलं याला? जीवावर उठलाय का कुणी?"

दत्तोबा भिंतीला टेकून उभे व्हते. माझं बोट त्यांच्याकडं उठलंच व्हतं. तेवढ्यात पैलवानांनी माझ्याकडं बघितलं. नजरेत तक्रार न्हवती, राग न्हवता. माझा हात आपसूक खाली आला.

"मी पाजलं," मी म्हणलं. "ह्या वस्तादांनी वीस दिस पाजलं, डॉक्टर. मी सात वरसं पाजलं. आन् तेबी कौतुकानं."