महादेवरावांच्या नावावर

ज्या माणसाचं नाव मी तोंडानं घेत नाही, त्याचं नाव जगात दुसरंही कोणी घेत नाही, या काळजीनं आमचे हे त्या वर्षी वाळून काडी झाले होते. लिहायला हरकत नाही: निवृत्ती महादेव नाफडे. खामगावला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे आणि घरी अर्थमितीची गणितं मांडून बसायचे. परदेशात शिकताना त्यांनी एक निबंध छापला होता. कपाशीला भाव चढला की आपल्याकडचा शेतकरी पुढल्या साली पेरा किती वाढवतो, हा त्याचा विषय.

नागपूरला प्राध्यापकाची जागा निघाली. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि कोणीतरी ह्यांच्या कानात भरवलं, की तिथं एकच विचारतात: तुमच्या कामाचा आधार पुढं कोणी घेतला? विद्वान लोक लेखाच्या शेवटी कोणाकोणाचा आधार घेतला त्यांची नावं देतात म्हणे. त्यात आपण नसलो, तर लिहिलं काय आणि विहिरीत टाकलं काय, सारखंच. तेव्हापासून ह्यांना धड झोप नाही, आणि ह्यांच्यामुळे मलाही नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आम्ही शेगाव स्टेशनावर नागपूरच्या गाडीची वाट बघत होतो. ह्यांचा मित्र जानराव मुंबईला ग्रंथालयात कामाला होता. तो सकाळच्या गाडीनं उतरला, परदेशी मासिकांचा गठ्ठा ह्यांच्या हाती दिला आणि महाराजांच्या दर्शनाला गेला. धामणगाव बढ्याहून माझे सासरे, मामाजी, शिदोरी घेऊन आले होते. ते समोरच्या बाकावर भाकर खात बसले होते.

हे एकेक मासिक उघडायचे, शेवटच्या पानांवर आडनावं बघायचे आणि मिटून ठेवायचे. नाफडे कुठंच नव्हते.

"एकानंही घेतलं नाही," ते म्हणाले. "आपण परत जाऊ. उद्या काय तोंड दाखवू?"

काहीतरी करायचं म्हणून मी एक मासिक ओढलं. मला किराण्याची यादीसुद्धा पहिल्या ओळीपासून वाचायची खोड. वाचता वाचता बोट एका नावावर थांबलं आणि जीभ अडली. ते नाव लग्न झाल्यापासून मी कधी उच्चारलं नव्हतं.

"अहो," मी हळूच म्हणाले, "इथं मामाजी आहेत."

"समोरच तर बसलेत."

"समोर नाही, पुस्तकात."

ह्यांनी मासिक हिसकावलंच. 'महादेव, नि.' असं छापलेलं होतं आणि पुढं ह्यांच्याच निबंधाचं नाव. मग आम्ही सगळा गठ्ठा पुन्हा उपसला. जवळपास प्रत्येकात महादेव होते.

धामणगावात ह्यांची गल्लीच्या गल्ली नाफड्यांची. तिथं आडनाव सांगून माणूस सापडत नाही. म्हणून नावापुढं बापाचं नाव लावायचं: हे शाळेपासून निवृत्ती महादेव आणि मागच्या घरातला तो निवृत्ती कारभारी. परदेशातही निबंधावर गावच्या सवयीनं ह्यांनी एवढंच लिहिलं. तिकडच्या लोकांनी शेवटचं नाव ते आडनाव धरलं.

मला हसू फुटत होतं, पण ह्यांचा चेहरा आणखीच पडला. "हा मीच, हे कोण मानेल? म्हणतील, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवतोय."

"काय झालं बे निवृत्ती?" मामाजींनी विचारलं.

"मी लिहिलेलं सारं तुमच्या नावावर चढलं, बाबा."

मामाजींच्या हातातला घास तसाच राहिला. सीलिंगचा कायदा नुकताच आला होता आणि त्यांनी त्याचा धसकाच घेतला होता. सरकार जास्तीची जमीन नेईल म्हणून विहिरीजवळचं वावर त्यांनी आधीच ह्यांच्या नावावर करून दिलं होतं.

"माह्यं वावर तुह्या नावावर केलं, अन् तू तुह्यं माह्या नावावर चढवलं? काऊन? सरकारले समजलं त दोन्हीबी जाईन."

"हे सरकार नेत नाई, बाबा."

"कोणीच नाई नेत?"

"कोणीच नाई."

"कितीबी वाढलं तरी?"

"कितीबी वाढलं तरी."

मामाजींनी घास खाली ठेवला. ह्यांच्या मांडीवरच्या मासिकाकडे बराच वेळ बघितलं. त्यांना त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं.

"मंग राहू दे," ते म्हणाले. "एवढं तरी राहू दे माह्या नावावर."

ह्यांनी तोंड फिरवलं. गाडी आली तेव्हा परत जायचं कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलाखतीच्या खोलीबाहेर बसले होते. हे मासिकांचा गठ्ठा घेऊन आत गेले होते. दार नीट लागलेलं नव्हतं, त्यामुळे आतलं ऐकू येत होतं.

"या सगळ्यांत कोणी महादेव आहेत," एक जण म्हणाले. "मग तुम्ही कोण?"

मला वाटलं, झालं, संपलं. मग ह्यांचा आवाज आला. कॉलेजातली भाषा विसरून, लहानपणी गावात कोणी 'कोणाचा बे तू?' विचारलं की सांगत असतील तसा.

"मी महादेवरावाचा."

जागा मिळाली. पुढं नवा लेख टाईप करायला मी बसले, तेव्हा वर 'निवृत्ती महादेव' लिहून थांबले आणि विचारलं, "आडनाव घालू ना आता?"

"राहू दे," हे म्हणाले.