ज्याला विचारलं, त्यानं सांगायचं

करपल्याचा वास आधी दाक्षायणीच्याच नाकात शिरला. तिला वाटलं, गॅसवर भाकरी राहिली.

"अक्का, तव्यावर काही राहिलंय का?"

"तव्यावर कुटलं? तवा कवाच उतरवला," नीलम्मा म्हणाली. नीलम्मा ही दाक्षायणीची थोरली नणंद. भावजयीच्या ऑपरेशनची खबर कळली तशी घरदार सुनांवर टाकून मंद्रूपहून आली, ती तीन महिने झाले तरी हलली नव्हती. "पर वास मलाबी येतोय बग."

तिनं दाक्षायणीच्या छातीवर ठेवलेली ओव्याची पुरचुंडी उचलली. फडक्याची खालची बाजू तांबूस झाली होती, आणि त्याखाली कातडीवर रुपयाएवढा फोड टरारून आला होता.

"अय्यो! अगं, भाजतंय म्हणून सांगायचं न्हाय व्हय?"

"भाजलंच नाही, अक्का."

"मगाशी तूच म्हणालीस की, अजून गरम चालंल!"

म्हणाली होती खरी. तीन महिन्यांपूर्वी कॅन्सरच्या गाठीपायी तिचा डावा स्तन काढला होता, आणि त्याच टेबलावर पोटाची चरबी-कातडी वर घेऊन त्या जागी नवा बनवला होता. पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत वण होता. पहिला महिना तर ती गाठोडं उचलल्यासारखी वाकून चालायची. आज खांदा आखडला म्हणून नीलम्मा शेक द्यायला बसली. खांद्यावरून तिचा हात खाली आला, आणि ती म्हणाली, "हितं लई गार लागतंय गं हाताला. जरा ऊब देते." दाक्षायणी म्हणाली, द्या. शेक लागेचना, म्हणून तिला वाटलं, पुरचुंडी निवली असेल.

तिथं बधिर आहे, हे तिला ठाऊक होतं. दात काढल्यावर गाल बधिर होतो तसं असेल, सूज उतरली की जाईल, असं ती धरून चालली होती.

नीलम्मा स्वतःच्या हाताकडं बघत बसली. चुलीवर आयुष्य गेलेला हात, त्याला ताप कळला नाही. दाक्षायणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमची काही चूक नाही, अक्का. रिक्षा बोलवा."

दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत बुद्धप्रिया नावाची सिस्टर होती. फोड बघून तिनं कपाळाला हात लावला.

"बाई, इथं गरम काही लावायचं नसतं. जाणीव गेलेली असते ना."

दाक्षायणी अठ्ठावीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवत होती. सोलापुरात कुठंही गेलं तरी 'बाई' म्हणणारं एक तरी माणूस भेटायचंच.

"गेलेली म्हणजे? येईल ना परत?"

बुद्धप्रियाचा हात थांबला. "थोडीफार येते कुणाकुणाला. बहुतेकांना नाही येत, बाई. तुम्हाला सांगितलेलं आहे हे सगळं."

"कुणी?"

"डॉक्टरांनी. फाइलीत कागद आहे."

"दाखव."

कागद छापील होता. वर लिहिलं होतं, 'ऑपरेशनविषयी सर्व माहिती दिली व समजली.' खाली एकेक ओळ, आणि ओळीपुढं बरोबरच्या खुणा. नव्या स्तनाला जाणीव नसेल, बहुधा कायमची: बरोबर. छाती सपाट ठेवणे, सिलिकॉन बसवणे, पोटाचं मांस वापरणे, या तिन्हींत तिसऱ्यापुढं बरोबर. मग पुढचा टप्पा. स्तनाग्र तयार करणे: बरोबर. उजवा स्तन डाव्याशी जुळण्यासाठी कापून लहान करणे व उचलणे: बरोबर. पुढं तारीख, बावीस.

दाक्षायणीनं ती शेवटची ओळ दोनदा वाचली. बावीस तारखेला 'थोडंसं फिनिशिंग' आहे, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. भिंतीला गिलावा देतात तसलं काहीतरी असेल, आणि तेही डावीकडं, अशी तिची समजूत. उजवा तर धडधाकट होता. त्याला कोण कशाला हात लावेल?

कागदाच्या तळाशी सही होती. मल्लिनाथची. तिच्या नवऱ्याची, शेवटच्या अक्षराचं शेपूट पार कडेपर्यंत ओढलेली.

तिला तो दिवस आठवला. सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन ती बाकावर बसली होती, आणि आतून हाक आली, "नातेवाईक कोण आहे?" मल्लिनाथ आत गेला. अर्ध्या तासानं आला तो हसऱ्या तोंडानं. "सगळं ठरलं. तू काही काळजी करू नको." नंतर तिच्यापुढंही कागद आले. पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या होत्या, तिथं तिथं तिनं सह्या केल्या. आधी वाचा, मग लिहा, असं पोरांना बजावणारी बाई! पहिला राग तिला स्वतःचाच आला. पण तो फार वेळ स्वतःवर टिकला नाही. रागाला बसायला बाहेर चांगली रुंद जागा होती.

"बाई," बुद्धप्रिया हळूच म्हणाली, "मी तुमच्या वर्गात होते. शेजारच्या पोरीला उत्तरं सांगायचे. तुम्ही मला उभं करायचा आणि म्हणायचा, ज्याला विचारलं, त्यानं सांगायचं."

दाक्षायणीला ती पोर आठवली नाही. वाक्य मात्र तिचंच होतं.

मल्लिनाथचं पाइप आणि पंपांचं दुकान होतं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दाक्षायणी दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"इथं कायमचं बधिर राहणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यानं चपला काढायला जरा जास्तच वेळ घेतला. "तू आधीच घाबरलेली होतीस. त्यात हे कशाला घालायचं?"

"आणि तीन मार्ग होते, त्यातला एक तुम्ही निवडलात."

"डॉक्टर म्हणाले, हा सगळ्यात चांगला. मी काय वाईट निवडलं का? सपाट छातीनं शाळेत गेली असतीस? लग्नकार्यात उभी राहिली असतीस? मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"तुम्हाला वाटलं."

"माणूस बायकोच्या भल्याचंच बघतो की!"

"दुकानात शेतकरी पंप घ्यायला आला, तर विहीर किती खोल आहे ते कुणाला विचारता?"

"आता हे काय मध्येच?"

"सांगा. कुणाला?"

"त्यालाच."

"त्याला बाहेर बाकावर बसवून त्याच्या भावकीला विचारून पंप दिलात कधी?"

तिचा आवाज चढला असता तर मल्लिनाथला बरं झालं असतं, मग त्यालाही चढवता आला असता. पण दाक्षायणीचा आवाज वर्ग शांत करायच्या वेळचा होता. तो कधी चढत नसे.

"विचारलं असतं, तर कदाचित मी हेच निवडलं असतं," ती म्हणाली. "खरंच सांगते. कदाचित हेच. आता ते मला कधीच कळणार नाही. तेवढं तुम्ही घेऊन गेलात."

"झालं ते झालं. आता अर्धवट काम ठेवू नये. बावीस तारखेला—"

"उजव्याला कुणी हात लावणार नाही."

"अगं, एक वर, एक खाली दिसेल! डॉक्टर मोठा माणूस आहे, त्याला कळत नाही?"

"त्याला दिसण्यातलं कळतं. हे अंग माझं आहे, आणि त्यातलं अर्धं मला लागेनासं झालंय. उरलेलं अर्धं मी जुळवाजुळवीसाठी देणार नाही."

तो तिरमिरून आत गेला. जेवायला आला तेव्हा त्याच्या ताटात भाकरी होती, आमटी होती, आणि कुणाचं बोलणं नव्हतं. नीलम्माचंही नाही, एरवी जी धाकट्या भावाला 'तम्मा, अजून घे की' म्हणत उठू द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेल्यावर दाक्षायणीनं दार लावून घेतलं, शाळेच्या पिशवीतून निळं स्केचपेन काढलं, आणि आरशासमोर बसली.

"अक्का, कापसाची वात घ्या. मी डोळे मिटते. तुम्ही वात टेकवायची आणि विचारायचं."

"आनि पेन कशाला?"

"नकाशा काढायचाय."

नीलम्मा घाबरत घाबरत बसली. फोडाची पट्टी टाळून तिनं वात टेकवली. "हितं?"

"नाही."

"हितं?"

"नाही."

"हितं तरी?"

"नाही, अक्का."

वरच्या कडेला, काखेच्या बाजूला आल्यावर दाक्षायणी म्हणाली, "हं. पुसट." तिथं तिनं ठिपका दिला. असे ठिपके जोडत जोडत निळी रेघ झाली. रेघेच्या वर दोन बोटांची पट्टी तिची होती. खाली सगळा परका मुलूख. मग उजवीकडं वात आली, आणि पहिल्याच स्पर्शाला तिच्या अंगावर काटा आला.

"हे सगळं आहे," ती म्हणाली. आणि तिनं पेनाला टोपण लावलं.

नीलम्मा वात चिमटीत धरून तशीच बसली होती. "दाक्षा, माझी पिशवी काडली तवा मी चौतीस वर्साची होते. पोटात दुकतंय म्हणून गेले. मालकांनी अंगठा दिला. मी सुद्दीवर आले, तवा बाजूच्या खाटंवरच्या बाईनं सांगितलं, तुजी पिशवी काडली म्हणून. तुला तरी कागद बगायला मिळाला."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? समदी म्हणली, सुटलीस की. मीबी म्हणत बसले, सुटले." तिनं वात खाली ठेवली. "डॉक्टरकडं मीबी येते तुज्यासंगं."

एकवीस तारखेला तिघं डॉक्टरांच्या खोलीत बसली. डॉक्टर पन्नाशीचे, हसतमुख. त्यांनी पट्टी काढली आणि चमकले.

"ही निळी रेघ कसली?"

"कुठंपर्यंत कळतं, त्याची," दाक्षायणी म्हणाली.

डॉक्टर हसले आणि मल्लिनाथकडं वळले. "मॅडमची जखम आठ-दहा दिवसांत भरेल. आपण उद्याऐवजी पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला घेऊ. त्यांना सांगा, काही घाबरायचं—"

"डॉक्टर, मी इथं बसले आहे."

"हो, हो, मॅडम. तुम्हालाच सांगतोय."

"मला सांगताना माझ्याकडं बघायचं. उजवा कापल्यावर तिथली जाणीव राहील का?"

डॉक्टरांनी पुन्हा मल्लिनाथकडं पाहिलं. मल्लिनाथ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

"बहुतेकांची राहते. काहींची कमी होते."

"माझी किती होईल?"

"ते आधी सांगता येत नाही."

"हे उत्तर खरं आहे. असंच उत्तर मला तीन महिन्यांपूर्वी हवं होतं."

"मॅडम, आम्ही नातेवाईकांना सगळं समजावतो. पेशंट घाबरलेला असतो."

"माझ्याकडं दर जूनमध्ये चाळीस घाबरलेली पोरं येतात. सहा वर्षांची. कुणाचं नाक वाहतंय, कुणी चड्डीत शू केलीय. तरी मी प्रत्येकाला विचारते, कुठं बसायचंय तुला? त्याच्या बापाला नाही विचारत." तिचा आवाज अजूनही खालीच होता. पण दाराशी ट्रे घेऊन उभी असलेली बुद्धप्रिया ताठ झाली, जशी कधीकाळी वर्गात होत असेल. "घाबरलेलं माणूस मुकं नसतं, डॉक्टर. तुमच्या कागदामुळं मी भाजले. आणि शेक देणारी ही माझी नणंद तेव्हापासून स्वतःला गुन्हेगार समजते. तिच्यापुढं पण कुणीतरी बोला."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग नीलम्माकडं बघून म्हणाले, "मावशी, चूक आमची आहे. सांगायला हवं होतं."

"व्हय. पायजे हुतं," नीलम्मा म्हणाली. एवढंच.

"मग तुमचा निर्णय?" आता ते दाक्षायणीला विचारत होते.

"उजव्याचं ऑपरेशन नको."

"साडीत फरक दिसेल."

"दिसू दे."

"आणि स्तनाग्राचं?"

"त्याचं अजून मी ठरवलेलं नाही. ठरलं की मी येऊन सांगेन. चार महिने लागतील, नाहीतर चार वर्षं. तोवर तिथं बरोबरची खूण नको. रिकामी जागा ठेवा."

डॉक्टरांनी नवा कागद मागवला. दाक्षायणीनं तो वरपासून खालपर्यंत वाचला, जराही घाई न करता. दोन ठिकाणी अर्थ विचारला. मग फळ्यावरच्या वळणदार अक्षरात तिनं लिहिलं, 'उजव्या बाजूस शस्त्रक्रिया नको. हा निर्णय माझा आहे,' आणि सही केली.

"साक्षीदार म्हणून एक सही लागेल," डॉक्टर म्हणाले.

मल्लिनाथनं सवयीनं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. दाक्षायणीनं कागद नीलम्मापुढं सरकवला. नीलम्मानं मल्लिनाथच्याच हातातलं पेन घेतलं, डोळे बारीक केले, आणि लहानपणी माहेरच्या शाळेत गिरवलेल्या कानडी अक्षरांत, एकेक वळण दाबून, आपलं नाव लिहिलं.

मल्लिनाथचा हात तसाच पुढं राहिला. "आणि माझी? माझी कुठं?"

दाक्षायणीनं पदर सारखा केला आणि उठली.

"तुमची झालीय की. मागंच."