मान टाकली

"हे मानदुखीत कसं गेलं?" ती खुर्चीतून अर्धी उठली.

पडद्यावर एका आईचा निरोप होता : 'बाळानं मान टाकलीय. सकाळपासून दूध पण घेईना.' यंत्राने 'मान' वेगळी काढली, 'टाकलीय' वेगळे काढले आणि निरोप हाडांच्या डॉक्टरांच्या रांगेत, अगदी शेवटी नेऊन ठेवला.

दवाखान्याच्या मदतकेंद्रात येणारे निरोप हे यंत्र वाचायचे आणि योग्य डॉक्टरांकडे धाडायचे. कुठले शब्द सुटे वाचायचे आणि कुठले जोडून, हे त्याला शिकवणे तिचे काम. म्हणून सगळे तिला 'जोडाक्षर' म्हणत. कालच 'रात्रभर डोळा लागत नाही' म्हणणाऱ्या आजोबांना यंत्राने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले, तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. तीही.

"साहेब, हा निरोप आत्ताच्या आत्ता वर घ्या," ती शेजारच्या टेबलावरच्या केंद्रप्रमुखांना म्हणाली.

"चालू रांगेला हात लावायचा नाही. चूक लिहून ठेवा, उद्याच्या दुरुस्तीत घेऊ."

"उद्या? अहो, बाळानं मान टाकलीय!"

साहेबांची बोटे थांबली. "फोन नंबर आपल्याला दिसत नाही. खाली डॉक्टरांना—"

ती जिन्यात पोचलीही होती.

खालच्या मजल्यावर मुलांची डॉक्टर फोनवर बोलत होती.

"डॉक्टर, तो फोन ठेवा."

"बाहेर थांबा!"

"हाडांच्या रांगेत तान्हं बाळ आहे. मान टाकलीय त्यानं."

डॉक्टरने हातातला फोन तसाच आपटला. निरोप शोधला, नंबर लावला. घंटी वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला.

"हॅलो! श्वास घेतंय का? रडू नका ताई, छातीकडे बघा. हलतेय? पत्ता सांगा." दुसऱ्या हाताने ती रुग्णवाहिकेसाठी खुणा करत होती. पलीकडून आई काय सांगतेय, ते दारापर्यंत ऐकू येत नव्हते. जोडाक्षर दाराची चौकट धरून उभी राहिली.

संध्याकाळी डॉक्टर स्वतः वर आली. साहेबांनी यंत्र बंद केले होते. सगळे जण निरोप एकेक करून वाचत होते.

"तापानं पार गळून गेलं होतं. आता रडायला लागलंय. चांगलं मोठ्यानं."

जोडाक्षरने नुसती मान हलवली.

"तुम्ही आलात म्हणून."

"त्यात काय? ऐकल्याबरोबर तुम्हालाही कळलंच की."

"मला कळलं. पण तुम्ही रडत आला होतात."

तिने समोरचा निरोप वाचून पुढे धाडला. मग म्हणाली, "घरी ऐकलेत हे शब्द. धाकट्या भावाच्या वेळी. आई दारात उभी राहून ओरडत होती. सगळ्यांना कळत होतं. पण दवाखानाच लांब होता."

डॉक्टरने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसली.

"यंत्राला शिकवायचे आणखी कुठले शब्द राहिलेत? सांगा, मी लिहिते."