वाघरीची दुहेरी गाठ

माझी बायको दैवशाला जाऊन सव्वा महिना झाला होता. तिचा भाऊ शरणबसप्पा उमरग्याजवळ मेंढरं घेऊन उतरला होता; रात्री ती वाघरीत, जाळीच्या कुंपणात, कोंडायचा. मी तिथं गेलो, तेव्हा माझ्या खिशात दैवशालाच्या डॉक्टरांचा कागद होता. दैवशालाच्या छातीत होती तशीच कॅन्सरची गाठ तिच्या धाकट्या बहिणीला, चन्नम्माला, निघाली होती. शरणबसप्पा तिला दवाखान्यात जाऊच देत नव्हता.

मला बघताच त्यानं काठी उचलली.

"लाल दवा टोचून एक मारलीस. आता हिला न्यायला आलास?"

पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दात तुटून जिभेवर आला.

"अण्णा, सोड! दाजी हायत!" चन्नम्मा ओरडली.

"दाजी न्हाय, कसाई हाय!"

माझ्याही हातात काठी होती. ती मी उचलली नाही. केमोच्या त्या लाल औषधाच्या चौथ्या सलाइननंतर दैवशालाचे पाय सुजले. तिला आडवं होता येईना. गाठ विरली आणि हृदय बंद पडलं. सलाइन लावताना तिचा हात मीच धरला होता.

तिसऱ्या तडाख्याला मी खाली पडलो. म्हणालो, "मार. पण तुझ्या वाघरीत लांडगा शिरला, तवा दाराला दुहेरी गाठ कुणी मारलती?"

त्याची काठी वरच राहिली. चोरांच्या भीतीनं त्यानंच मारली होती. लांडगा जाळीवरून आत पडला, दाराची गाठ लवकर सुटेना, त्याला बाहेर निघता येईना. त्यानं एकतीस मेंढरांचे गळे फाडले. रक्ताच्या चिखलातून कोकरं शरणबसप्पानंच उचलली होती.

"हार्टच्या पेशीला अशीच दारं असत्यात," मी म्हणालो. "काही दारं दवा आत घेत्यात, काही बाहेर टाकत्यात. दैवशालाची बाहेर टाकणारी दारं कमजोर हुती, दवा आतच साचली, असा डॉक्टरांला वहीम हाय. बहिणीचीबी असतील. हा कागद आधी दाखवला तर दवा बदलत्यात, न्हायतर हार्ट तपासत बेतानं देत्यात."

"मग तिच्या वक्ताला का न्हाय बघितलं?" त्यानं मला लाथ घातली.

"तवा ठावं नव्हतं."

तो काठी दगडावर आपटत राहिला, तिचे तुकडे होईपर्यंत. मग खाली बसून रडला.

चन्नम्मानं कागदावरचं माझं रक्त पदरानं टिपलं. "अक्षरं दिसत्यात का, दाजी?"

दिसत होती.

"उद्या तुमीबी चला," शरणबसप्पा म्हणाला. "मला असलं सांगता येणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी माझं सुजलेलं तोंड बघून नर्सनं मलाच खाटेवर बसायला सांगितलं. चन्नम्मानं कागद पुढं केला. "पेशंट मी हाय," ती म्हणाली. "सुई लावायच्या आधी हे वाचा."