ओट्याचं माप

झुंबरबाई न्हाणीत घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडून बसली, तेव्हा गल्लीनं ठरवूनच टाकलं की म्हातारी आता काही उठत नाही. गल्लीला काय, बोलायला पैसे थोडेच पडतात. म्हातारी उठली. काठी टेकत का होईना, दवाखान्यातनं घरी आली. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं: जमिनीवर बसायचं नाही, आणि उकिडवं तर मुळीच नाही. आता जिनं सगळा जन्म चुलीपुढं पाटावर काढला, तिला हे सांगणं सोपं, पण तिनं करावं काय?

मुलगा जोतीराम उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीनवर होता. हाताचा गुणी, आणि एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तिचा पिच्छा पुरवणारा. त्यानं घरच आईच्या पायाजोगं करायला काढलं. न्हाणीतली गुळगुळीत फरशी उखडून खडबडीत शहाबादी घातली. धरून उठायला भिंतीत लोखंडी पाइप बसवला. सोप्याचा उंबरा फोडून जमिनीला लावला. त्यावर शेजारची धोंडुबाई म्हणाली, बिनउंबऱ्याच्या घरात लक्ष्मीला कळायचं कसं, आत आलो का बाहेरच हाय? जोतीराम म्हणाला, येऊ तर दे, मग सांगू तिला. परसातल्या संडासात त्यानं मधोमध भोक पाडलेली लाकडी खुर्ची नेऊन ठेवली, ती बघायला तर चार घरची माणसं येऊन गेली. एकानं बसूनही बघितलं.

झुंबरबाईनं हे सगळं गोड मानून घेतलं. तिचा जीव अडकला होता तो स्वयंपाकघरात.

सून आक्काताई लग्न होऊन आली, तिची पोरं शाळेत जायला लागली, पण फोडणी कधी तिच्या हातानं पडली नव्हती. पाणी भरायचं, वाटण वाटायचं, पीठ मळायचं, ते सुनेनं. तव्यावरची भाकरी आणि कढईतली फोडणी आत्तीची, म्हणजे सासूची. यात छळ वगैरे काही नव्हता. झुंबरबाई सुनेला कधी वावगा शब्द बोलली नाही, पण चुलीपुढचा पाटही तिनं कधी सोडला नाही. ती दवाखान्यात होती तेवढे दिवस आक्काताईनंच रांधलं, आणि घरात कुणी उपाशी राहिलं नाही. हे झुंबरबाईच्या ध्यानात आलं होतं आणि तिला ते मुळीच आवडलं नव्हतं.

तशात जोतीरामचा गॅसचा नंबर लागला. त्यानं ठरवलं, आता ओटाच बांधायचा, उभ्यानं स्वयंपाक. इमाम गवंडी आला. जागा बघितली, विटांचा अंदाज घेतला आणि म्हणाला, ओटा कोपराच्या वीतभर खाली लागतो, तर माप कुणाचं घेऊ? आक्काताई चांगली उंच, झुंबरबाई मुळातच ठेंगणी आणि वयानं आणखी खचलेली. जोतीरामनं बायकोकडं हात केला.

"आणि मी?" झुंबरबाईनं विचारलं.

"तू कशाला, आई? तू आता निवांत बसून खा."

"बसून खायला मी पावणी हाय व्हय ह्या घरात?"

इमाम उगाच आपला ओळंबा बघत बसला. जोतीराम समजावायला लागला, की हे एवढं केलं ते कुणासाठी, आणि झुंबरबाईला एकदम रडूच फुटलं. ती म्हणाली, "न्हाणी माझ्यासाठी केलीस, उंबरा माझ्यासाठी काढलास. आणि चुलीवरनं मलाच उठवाय लागलाईस की."

दाराशी उभी असलेली आक्काताई म्हणाली, "आत्तींचंच माप घ्या." तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि माया म्हणावी तर तीही नव्हती. सवयीनं बोलल्यासारखी बोलली आणि घागर घेऊन नळावर गेली.

ओटा झुंबरबाईच्या मापाचा झाला. सिलिंडरला हळदकुंकू लावून तिनं पहिली फोडणी टाकली तेव्हा तिला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. पहिली भाकरी टम्म फुगली. दुसरी तव्यावर टाकली आणि पाय लटलट कापायला लागला. तिनं ओट्याची कड धरून नेट लावला, पण पाय ऐकेना. आक्काताईनं मुकाट्यानं खुर्ची पुढं सरकवली. खुर्चीत बसल्यावर तव्यापर्यंत हात पोचत नव्हता. म्हणजे गोष्ट उंचीची नव्हतीच, पायाची होती. हे कुणीतरी आधी ओळखायला पाहिजे होतं, पण भांडणाच्या भरात कोण ओळखतंय!

मग रोजचं तेच झालं. झुंबरबाई उठायची, फोडणी टाकायची आणि बसायची. पुढं पुढं फोडणीपुरतंही उभं राहवेना. सगळा स्वयंपाक आक्काताईकडं आला आणि तो तिनं त्या बुटक्या ओट्यावर कमरेत वाकून करावा. भाकरी थापता थापता तिचा एक हात पाठीवर जायचा. झुंबरबाईला खुर्चीतनं ते दिसत होतं. सून तरणी आहे, होईल सवय, असं तिनं मनाला सांगून बघितलं. खोटं कशाला बोला, आतून तिला बरंही वाटत होतं. ओटा आपल्या मापाचा आहे तोवर स्वयंपाकघर आपलं, उभं कुणी का राहीना.

एके दुपारी भाकऱ्या आटोपल्या आणि आक्काताईला सरळच होता येईना. ती तशीच वाकलेली न्हाणीत गेली, आणि सासूसाठी बसवलेला पाइप दोन्ही हातांनी धरून हळूहळू उभी राहिली. झुंबरबाईनं ते बघितलं आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. संध्याकाळी जोतीराम कामावरनं आल्याआल्या तिनं सांगितलं, इमामला बोलीव, ओटा उचलून घ्यायचा. नवाकोरा ओटा फोडायचा म्हटल्यावर तो वैतागला. असली कसली तऱ्हा म्हणाला.

"माझंच चुकलंय," झुंबरबाई म्हणाली. "पर बोलीव त्याला."

इमामनं वरची कडाप्पा फरशी अलगद सोडवली, खाली विटांचे थर चढवले आणि फरशी पुन्हा बसवून दिली.

ओटा वाळल्यावर आक्काताई त्याच्यापुढं ताठ उभी राहिली. तेल तापलं, मोहरी तडतडली, तिनं लसूण टाकला, तिखट टाकलं. किती टाकू म्हणून तिनं मागं वळून विचारलं नाही. झुंबरबाई वाट बघत होती, पण तिनं विचारलं नाही. मग ताट वाढून तिनं ते खुर्चीपाशी आणून दिलं आणि पुन्हा तव्याकडं वळली.

झुंबरबाईनं घास तोंडात घातला. मीठ, तिखट, सगळं जिथल्या तिथं होतं. कुठं काही कमी निघालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिनं ताटातली भाकरी संपवली आणि सुनेच्या पाठीला म्हणाली, "आक्काताई, आणि एक भाकरी वाढ गं."

त्या घरात भाकरी मागून घ्यायची तिची ती पहिलीच वेळ होती.