मिलिमीटरभर खचलेला टेकू

मित्रांनो, मी एक जुना टेकू आहे. पडक्या भिंतीला देतात तसला नव्हे. माझ्यावर माणसं हनुवटी टेकवत. दोन लोखंडी दांडे, मधे हनुवटीपुरती लाकडी वाटी आणि वर कपाळासाठी पट्टी, एवढाच माझा देह. मला एका मिस्त्रीने आठ दिवसांत घडवलं. वाटी नीट बसते का हे पाहायला त्याने स्वतःची दाढी वाढलेली हनुवटी तीनदा टेकवली आणि तीनदा कानस फिरवली.

माझी नेमणूक डोळ्यांच्या प्रयोगशाळेत झाली. डोळे सतत उड्या मारतात, हे मला तिथे कळलं. तुम्ही ही ओळ वाचताय, तेव्हाही ते सरळ सरकत नाहीत; एका शब्दावरून पुढच्या शब्दावर टुणकन जातात, सेकंदाला साधारण तीन वेळा. उडी चालू असते तेवढ्यापुरतं मेंदू दिसणं जवळजवळ बंद ठेवतो. आरशासमोर उभे राहा आणि एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर नजर न्या. तुमचे डोळे हललेले तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारी उभ्या बहिणीला मात्र स्पष्ट दिसतील.

या उड्या मोजायला माझ्यासमोर कॅमेरा होता. डोकं हललं, तरी त्याला वाटे डोळाच हलला. म्हणून डोकं धरून ठेवायचं काम माझ्याकडे. पाहुणे आले की कौतुक कॅमेऱ्याचं होई आणि त्यांच्या पिशव्या माझ्या दांड्याला अडकवल्या जात.

तिथल्या संशोधक बाई दिवसभर लोकांना सांगत, “टिंबाकडे बघा.” त्यामुळे सगळे त्यांना टिंबताई म्हणत. साठीपुढच्या माणसांचे डोळे दमल्यावरही पडद्यावरच्या टिंबापर्यंत नेमके पोचतात का, हे त्यांना शोधायचं होतं. बत्तीस माणसं, प्रत्येकी अर्धा तास. नियम एकच: मधे बोलायचं नाही, बोललं की हनुवटी हलते.

एकतीस जणांत एकच गोष्ट दिसली. वेळ जाई तशी नजर टिंबाच्या खाली उतरत जाई. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर खूश झाले. टिंबताईंची तात्पुरती नोकरी यावरच्या शोधनिबंधावर कायम होणार होती.

बत्तिसावे गृहस्थ आयत्या वेळी आजारी पडले. टिंबताईंनी आईलाच माझ्यासमोर बसवलं.

“आई, बोलू नकोस.”

“तुझ्या बाबांचा जन्म गेला हे सांगण्यात. उपयोग झाला का काही?”

“फक्त अर्धा तास गं.”

त्या खरंच गप्प बसल्या. वेळ संपल्यावर मान चोळत म्हणाल्या, “तुझा हा टेकू खचतोय. शेवटी शेवटी मीच मान वर धरून बसले होते.”

“खचतोय म्हणजे?”

“खाली बसतोय. हनुवटीला कळतं की.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तूच तोंड शिवलं होतंस.”

टिंबताईंनी डोक्याच्या वजनाएवढी वाळूची पिशवी माझ्या वाटीत ठेवली आणि शेजारी मोजपट्टी लावली. अर्ध्या तासात मी एक मिलिमीटर उतरलो. वाटी उंचीवर धरून ठेवणाऱ्या माझ्या स्क्रूचे आटे झिजले होते. मित्रांनो, मला ते पहिल्या माणसापासून जाणवत होतं. पण मी सांगणार कसं?

त्यांनी आधीच्या एकतीस जणांतल्या एका निवृत्त पोस्टमनना फोन लावला. पलीकडून आवाज आला, “हो, जाणवलं होतं मला. पण तुम्ही बोलू नका म्हणालात. आणि म्हटलं, वय झालंय, माझीच मान लटपटत असेल.”

दुसऱ्या दिवशी त्या सरांसमोर उभ्या राहिल्या. “सर, नजर खाली जात नव्हती. डोकं जात होतं.”

“किती जणांचं?”

“बत्तीसच्या बत्तीस.”

“मिलिमीटरभरच ना? तेवढं वजा करून नाही भागणार?”

“प्रत्येकाच्या डोक्याचं वजन वेगळं, सर. किती वजा करू?”

सरांनी टेबलावरचे कागद गोळा करून बाजूला ठेवले. “निबंध थांबव,” ते म्हणाले. “पण मग नोकरीचं मला यंदा काही सांगता यायचं नाही.”

“माहीत आहे.”

मिस्त्रीने नवा स्क्रू बसवला. टिंबताईंनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. सव्वीस जण आले. या खेपेला तिसाव्या मिनिटालाही डोळे टिंबावरच पडत होते. नवा शोध असा काहीच उरला नाही. दोन पानांचा अहवाल निघाला, त्यात त्यांनी आपली चूक पहिल्याच परिच्छेदात लिहिली. नोकरी आणखी दोन वर्षं तात्पुरतीच राहिली.

त्या दुसऱ्या खेपेला पोस्टमन माझ्यासमोरून उठताना म्हणाले, “म्हणजे माझं काही बिघडलेलं नाही?”

“काही नाही, काका. बिघाड आमच्या टेकूत होता. आणि तुम्हाला विचारलं नाही, ही चूक माझी.”

काकांनी माझ्या वाटीवरून एकदा हात फिरवला. एवढी मोठी चूक करूनही माझ्या वाट्याला असा हात आला, हे मी विसरलेलो नाही.

आता डोकं हललं तरी चालेल असे कॅमेरे आले आहेत. मी कपाटावर आहे आणि माझ्या वाटीत तारांचं भेंडोळं पडलं आहे. तक्रार नाही. मागणं एवढंच की, ज्याच्यावर भार टाकता त्याचे स्क्रू अधूनमधून हाताने दाबून बघत जा. आणि मित्रांनो, तुमच्यासमोर एखादं वयस्कर माणूस गप्प बसलं असेल, तर त्याचं सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. जवळ जाऊन विचारा.